डाव्या फुलदाणीतले पाणी

इशिबारू, दक्षिण ओकिनावा
१९ सप्टेंबर २००९

दादा,

दोन गोष्टींनी मला हे पत्र लिहायला भाग पाडले. आठ तारखेला पूर्वजांच्या देवघराखालची फळी बदलताना इसा सुताराला पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात जिवंत काडतुसे निघाली. काल तुझे पत्र आले, नऊ वर्षांनी पहिले. त्यात तू देवघरातली डावीकडची फुलदाणी मागितली आहेस. यातली एकच गोष्ट घडली असती तर मी गप्प बसले असते. दोन्ही दहा दिवसांत घडल्या, म्हणून सरळ विचारते : तुला नेमके काय हवे आहे?

इसाने डब्याचे झाकण उघडले आणि हातोडा तिथेच टाकून अंगणात पळाला. म्हणाला, "बाई, तुमच्या बुडाखाली आख्खी पलटण झोपलीय आणि तुम्ही त्याच्यावर बसून रोज धूप लावता!" मग नगरपालिकेचा माणूस आला, तोमोयोसे. माझाच विद्यार्थी, आठवी 'ब', विज्ञानात काठावर पास. आता आपत्ती विभागात आहे. त्याने मला एक तक्ता दिला. घरात लढाईची जी जी वस्तू असेल ती लिहायची, कोणी आणली, केव्हा, कुठून. फौजेचे बॉम्बनाशक पथक येऊन एकेक वस्तू तपासणार. मी भरले ते असे :

काडतुसे, अकरा, बंदुकीची. वडिलांनी, १९४५. गावच्या पुरुषांना फौजेत ओढून नेले तेव्हा आम्ही लपलो होतो त्या गुहेच्या तोंडाशी आईच्या हातात दिली, परत आले नाहीत.

केसांतली पिन, काडतुसाच्या पितळेची. मोठा भाऊ मोरिहिदे याने आईसाठी घडवली, १९५४.

फुलदाणी, उजवी, तोफेच्या गोळ्यामागच्या पितळी पुंगळीची. मामाने, १९४६, उसाच्या शेतातून.

फुलदाणी, डावी, तशीच. मोरिहिदे, वय सतरा, १९५५. मधला भाऊ मोरित्सुगु, घरात त्सुगु, वय तेरा, खडकाळीत गोगलगायी वेचताना एकटा असताना स्फोटात गेला. त्याच्या मरणानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीसाठी उजवीला जोड म्हणून.

तुझ्या वस्तूंपुढे 'कुठून' हा रकाना मी रिकामा ठेवला आहे. ते तूच सांग.

आता माझ्या शंका. थोरला मुलगा म्हणून पूर्वजांच्या नावांच्या पाट्या तुझ्याकडे जायच्या. चाळीस वर्षे तू त्या मागितल्या नाहीस. धुपाटणे मागितले नाहीस, आईचा फोटो मागितला नाहीस. मागितलीस ती एक फुलदाणी, तीही जोडीतली एकच. तुझा जावई शिगेकी ओसाकात जुन्या वस्तूंचे दुकान चालवतो हे मला ठाऊक आहे. लढाईतल्या पुंगळ्यांच्या वस्तूंना हौशी लोक चांगली किंमत देतात हेही तोमोयोसेने सांगितले. आणि डबा सापडल्याचे तुला कळले कसे? आमच्या पेपरात रविवारी तीन ओळी आल्या. तो पेपर तू टपालाने मागवतोस म्हणजे. इथे यायला वेळ नाही, इथले वाचायला आहे.

फुलदाण्या दोन्ही कपाटात आहेत. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

पंचवीस ऑक्टोबरला आईचे तेहतिसावे श्राद्ध, ती गेली ते वर्ष धरून. हे शेवटचे. यानंतर आई देवांत जमा, तिच्यासाठी वेगळा धूप नाही आणि तिच्याशी कुणाचे काही बोलणे उरत नाही. पंचविसाव्या वर्षाला तू आला नव्हतास. यावेळी येणार की नाही एवढे कळव. जेवणावळीला किती माणसे हे मला आधी ठरवावे लागते.

तोशिए

*

इशिबारू
२७ सप्टेंबर

दादा,

उत्तराऐवजी तू जावई पाठवलास.

मंगळवारी सकाळी शिगेकी दारात उभा. हातात स्पंज लावलेली पेटी, बरोबर एका फुलदाणीच्या मापाची. मी त्याला चहा दिला, काळ्या साखरेचा खडा दिला आणि समोर बसवले.

"आत्याबाई, बाबांची तब्येत बरी नाही. त्यांना आठवण म्हणून हवीय."

"आठवण एकाच फुलदाणीची? दुसरीची नाही?"

"डावी म्हणाले."

"दुकानात कितीला लावणार?"

तो लालबुंद झाला. "शपथ घेतो, विकायची नाहीये."

"मग कुठे ठेवणार? तुमच्या घरी देवघरच नाही."

तो चहाच्या पेल्यात बघत राहिला. चौतीस वर्षे मी वर्ग सांभाळला आहे. पेल्यात बघणारे पोर किती वेळ टिकते ते मला कळते.

"ठेवायची नाहीये, आत्याबाई. बाबा म्हणाले, विमानाने येऊ नकोस, बोटीने ये. आणि भर समुद्रात गेलं की टाकून दे. कारण विचारलं तर म्हणाले, तू जावई आहेस, पोलीस नाहीस."

त्याला मी रिकाम्या पेटीसह परत पाठवले. गरीब माणूस आहे, जाताना तीनदा वाकला. विकायच्या वस्तूसाठी कोणी बोटीचे तिकीट काढून ती समुद्रात टाकत नाही. पैशाची शंका मी मागे घेते. तिच्या जागी दुसरी आली आहे आणि ती पहिलीपेक्षा वाईट आहे.

गुरुवारी बॉम्बनाशक पथकाचा हवालदार आला. कुदो नावाचा, उत्तरेकडचा, तिशीतला, गोरापान, आपल्या उन्हाने नाक सोललेले. मला "आजी" म्हणाला. मी म्हटले, "आजी कुणाची? बाई म्हण." तोमोयोसे मागे उभा राहून हसला. मी वळून बघितल्यावर थांबला.

काडतुसे त्याने कापडावर मांडून एकेक पाहिली. बुडाशी मधोमध एक बारीक चकती असते. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की तिला खळगा पडतो. अकराच्या अकरा चकत्या सपाट. म्हणजे जिवंत. बाबांनी एकही उडवले नव्हते.

मग मी कपाट उघडले. त्याने उजवी फुलदाणी उलटी केली. बुडाशी खळगा, करंगळीचे टोक बसेल एवढा. "ही डागलेली आहे. निव्वळ पितळ. खुशाल फुले ठेवा."

डावी उचलली तेव्हा आतले पाणी त्याच्या बाहीवर सांडले.

"बाई, यात पाणी कशाला? फुलं तर नाहीत."

"ती नेहमी भरलेलीच असते. आईची शिस्त होती. उजवी रिकामी राहिली तरी चालेल, डावीतलं पाणी आटता कामा नये."

त्याने पाणी बादलीत ओतले, फुलदाणी पालथी केली आणि वाकून बूड पाहिले. नंतर ती अगदी हळू, आडवी करून वाळूच्या पिशवीवर ठेवली.

बुडाची चकती सपाट होती, दादा. आरशासारखी. मीच दर सणाला घासून चकचकीत केलेली.

"ही पुंगळी कधी डागलीच गेली नाही," तो म्हणाला. "तोफेतून गेली असती तर खळगा असता. पुढचा गोळा कुणीतरी हातानं उपटून काढलाय. दारू सांडून टाकलीय, पण चकती अजून जिवंत आहे. कुठे असायची ही?"

मी देवघराकडे बोट दाखवले. धुपाटण्यापासून एक वीत. चोपन्न वर्षे.

तोमोयोसेने धुपाटणे उचलून दूर ठेवले.

डब्यात आणखी एक वस्तू होती, ती मी तक्त्यात लिहिली नव्हती, कारण मला ती ओळखता आली नव्हती. तांब्याची जाड, वाकडी पट्टी, अर्ध्या बांगडीएवढी. कुदोने ओळखली. गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो. गोळा तोफेच्या नळीतून गेला की त्यावर तिरक्या रेघा उमटतात. ही गुळगुळीत होती आणि एका टोकाला छिन्नीचे तीन घाव होते.

"हा न डागलेल्या गोळ्याचा पट्टा आहे. भंगारात तांब्याला जास्त भाव, म्हणून लोक तो छिन्नीनं काढायचे."

"अर्धाच का?"

त्याने माझ्याकडे पाहिले. पोर हुशार आहे. म्हणाला, "बाई, उरलेला अर्धा काढून झाला नसेल."

दादा, कुंपणापलीकडच्या अमेरिकन फौजेच्या कोठारातून चोरून आणलेल्या मालाला तेव्हा आपण 'लढाईची कमाई' म्हणायचो आणि दुधाच्या पावडरीपासून तंबूच्या कापडापर्यंत सगळे गाव ती कमाई करत होते. तू काय आणलेस? डाव्या फुलदाणीचा गोळा कुठे गेला? ही पट्टी आईकडे कशी आली आणि तिने ती देवघराखाली का पुरली?

रकाना अजून रिकामा आहे. मला अक्षरात उत्तर हवे. जावई नको.

तोशिए

*

इशिबारू
८ ऑक्टोबर

दादा,

तुझे पत्र मिळाले. सहा ओळी. पुंगळी भंगारवाल्याने दिली. पट्टी कसली ते माहीत नाही. म्हातारपणी फार आठवत नाही. आणि तेहतिसाव्याला येता येणार नाही, कारण थोरला आला की पाट्यांचा विषय निघणार आणि दोन भावांच्या पाट्या एका देवघरात ठेवायच्या नसतात. त्सुगुची पाटी तिथे आहे, उद्या तुझी तिथे कशी बसणार, पूर्वजांना चालत नाही, अंगात येणाऱ्या बाईनेही तेव्हा असेच सांगितले होते.

दादा, चाळीस वर्षे तू हेच कारण देतो आहेस. रिवाज खरा आहे. मी त्याच्याशी भांडत नाही. पण ओसाकात तू दुसरा एकही रिवाज पाळत नाहीस. थडग्यापाशी जेवायला वसंतात येत नाहीस, पितर घरी येतात त्या बोनच्या तीन दिवसांत येत नाहीस. हा एकच तेवढा घट्ट धरून बसलास. मला आधी वाटायचे, आळस आहे. मग वाटायचे, खर्चाला भितोस. आता मला काय वाटते ते लिहिते आणि यापुढे मी विचारणार नाही, सांगणार आहे.

मी तिथे होते.

तुम्ही दोघे उसामागच्या खबदाडात होता. गोगलगायींची टोपली नुसती दाखवायला होती. पुंगळी सुटलेली होती, ती एका बाजूला गवतावर उन्हात चमकत होती. गोळा दोन दगडांच्या फटीत अडकवलेला. मी बांधावरून हाक मारली, "दादा, भंगारवाल्याची गाडी आलीय, तुला बोलावतोय!" तू उठलास. छिन्नी त्सुगुच्या हातात दिलीस.

त्सुगु म्हणाला, "एकटा? आणि फुटला म्हणजे?"

तू म्हणालास, "पुंगळी निघाली की गोळा मेला. अर्धी मी काढलीय, उरलेली तू काढ. का, बाईमाणसासारखा घाबरतोस?"

तो हसला. त्याचा पुढचा एक दात अर्धा होता. तू मला पुढे घालून रस्त्याकडे निघालास.

ती चूक तेव्हा अख्ख्या गावाची होती, हे मी मान्य करते. पुंगळी निघाली की गोळा मेला, असे मोठी माणसेही म्हणायची. शेजारच्या वस्तीतले तिघे तसेच गेले. त्या चुकीचा मी तुझ्याकडे जाब मागत नाही. जाब मागते तो नंतरच्या चोपन्न वर्षांचा.

त्या संध्याकाळी मी आईला सगळे सांगितले. तू बाहेर पोलिसापुढे उभा होतास. तिने माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला त्सुगुच्या कपड्यांचा जळका वास होता. म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस. तो एकटा होता. एक गेला, आता दुसरा अमेरिकनांच्या तुरुंगात देऊ?" मी पोलिसाला सांगितले, एकटा होता. वय अकरा, पहिले खोटे, सरकारी कागदावर.

म्हणजे आईला माहीत होते, दादा. पट्टी तिला त्सुगुच्या टोपलीत सापडली असणार. तू घडवलेली पिन तिने त्याच दिवशी केसांतून काढली. पुढे मरेपर्यंत तिने लाकडी पिन लावली. मला वाटायचे, दुःखात दागिना नको म्हणून. ती डब्यात होती, पट्टीशेजारी.

आणि एकोणपन्नासाव्या दिवशी तू ती पुंगळी घासून पुसून देवघरात मांडलीस. आईने तुझ्याकडे पाहिले, मग पुंगळीकडे. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि काठोकाठ भरली. "हिच्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही," मला म्हणाली. मला वाटले, त्सुगुला तहान लागू नये म्हणून. ती जिवंत आहे हे आईला कळले होते. तुझी भेट तिने नाकारली नाही. नुसती रोज विझवत राहिली. बावीस वर्षे तिने आणि नंतर बत्तीस वर्षे मी, काय करते आहे हे न कळता.

तू समजतोस कोणालाच ठाऊक नाही. म्हणून लपून बसलास. लपण्याचे काही कारण नव्हते. आम्हाला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होते.

पंचवीस तारखेला ये आणि आईच्या समोर बसून एकदा तोंडाने बोल. त्यानंतर ती ऐकायला नसेल.

तोशिए

*

इशिबारू
१६ ऑक्टोबर

दादा,

तुझे कार्ड मिळाले. एकच ओळ. 'तोशी, त्या दिवशी गाडी आली नव्हती.'

हो.

मी ते मागच्या पत्रात लिहिले नाही. तू विसरला असशील असे वाटले. खरे सांगायचे तर तू विसरला असावास म्हणूनच इतक्या जोरात लिहू शकले. सगळ्यांवर शंका घेतली, जावयावर, आईवर, तुझ्यावर. एका माणसाला सोडले.

गाडी आली नव्हती. तुम्ही मला बरोबर नेत नव्हता. "पोरींचं काम नाही" म्हणून हाकलले होते. मला तुला तिथून उठवायचे होते, त्सुगु आपोआप मागे येईल आणि मग मी दोघांना हसेन, असा बेत होता. रस्त्यावर कोणी नाही हे पाहून तू माझा कान धरलास. तुझी बोटे कानावर होती तेव्हाच आवाज झाला.

तू आईला सांगितले नाहीस. चोपन्न वर्षे नाही, पहिल्या सहा ओळींतही नाही. मी तुझे पोलिसाला सांगितले नाही याचा मला फार अभिमान होता. तू माझे आईला सांगितले नाहीस हे मोजायचे राहूनच गेले.

तू गेलास, मी राहिले. मी समजत होते, मी कर्तव्य म्हणून राहिले. लग्न केले नाही तेही देवघर सोडवत नाही म्हणून, असे लोकांना सांगायचे. आता विचार करते आहे.

तरी ये. आधी म्हटले होते, तू बोल. आता म्हणते, दोघे बोलू. आधी थोरला. मग मी.

हवालदार कुदो त्याच दिवशी दुपारी येणार आहे. तोवर डावी फुलदाणी पाण्यात उभी आहे, त्याच्या परवानगीने. विमानाचे तिकीट काढ, बोटीने येऊ नकोस. समुद्रात टाकण्यासारखे माझ्या घरात काही नाही.

तोशिए

*

सुपूर्द नोंद
इराहा यांचे घर, इशिबारू. २५ ऑक्टोबर २००९, रविवार. आईच्या तेहतिसाव्याचा विधी संपल्यावर. लिहिणार : इराहा तोशिए. साक्षीदार : तोमोयोसे, नगरपालिका.

बॉम्बनाशक पथकाचे हवालदार कुदो यांच्याकडे दिले :

बंदुकीची काडतुसे, अकरा, जिवंत. ती ज्या कापडात होती ते कापड वडिलांच्या कमरपट्ट्याचे. कापड परत घेतले.

तोफेची पुंगळी एक, चकती न फुटलेली, फुलदाणी म्हणून वापरलेली. देण्याआधी आतले पाणी इराहा मोरिहिदे यांनी अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतले. बहिणीने खालून धरली.

तक्त्यातली दुरुस्ती : डाव्या फुलदाणीपुढचा 'कुठून' हा रकाना मोरिहिदे यांनी स्वतःच्या अक्षरात भरला : 'कुंपणापलीकडचे अमेरिकन कोठार'. त्याच ओळीतला 'एकटा असताना' हा मजकूर खोडला. खोडल्याजागी दोघांच्या सह्या. तोमोयोसे यांनी विचारले, "बाई, आता हे बदलायची खरंच गरज आहे का?" गरज आहे असे सांगितले.

घरात राहिले :

पितळी पिन एक. तोशिए यांच्याकडे. केसांत आहे.

थोरला मुलगा इराहा मोरिहिदे, वय एकाहत्तर, मुक्काम ओसाका, यांच्याकडे दिले :

फुलदाणी, उजवी, एक. डागलेली, निर्धोक.

धुपाटणे एक, जुन्या राखेसह.

तांब्याची पट्टी, अर्धी. मागून घेतली.

पाट्यांची लाल चौकट एक. तीत पणजोबा-पणजी, आजोबा-आजी, वडील, आई.

पाटी एक, मोरित्सुगु, वय तेरा. दोन भावांच्या पाट्या एका देवघरात ठेवू नयेत, हा रिवाज देणारीने मोठ्याने सांगितला. घेणाऱ्याने ऐकला. 'आम्हा दोघांना चालेल' म्हणाले आणि पाटी चौकटीत परत बसवली. शेजारची एक जागा रिकामी आहे हे दोघांनी पाहिले.

दिले : तोशिए. घेतले : मोरिहिदे.